लायसन्स आहे, स्विफ्ट चालवतो, मग झेड-फोर का नको? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोराच्या हाती स्पोर्ट्‌स कार देण्याविषयीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिखट आहे पण मुद्देसूद आहे, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चिरंजीव साडेअठरा वर्षांचे. पेठ रोडच्या आरटीओतून रीतसर लायसन्स काढलंय, घरची स्विफ्ट सहा महिने एकही ओरखडा न पाडता चालवलीय. मग वडिलांची बीएमडब्ल्यू झेड-फोर एम-फोर्टी-आय द्यायला हरकत काय? गाडीत डीएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे, एअरबॅग आहेत, विमा फुल आहे. नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये काटा ४० च्या वर जातच नाही. जर्मनीत पोरं ऑटोबानवर चालवतात. आणि विश्वास टाकला नाही तर पोरगं चोरून किल्ली उचलेलच. शेवटी धाकट्या मुलीचा प्रश्न.

गाडी देऊच नका, असं लेखात म्हटलं नव्हतं. पहिली दोन वर्षं एकट्याच्या हाती देऊ नका; शेजारी बसून, क्रमानं द्या, असं म्हटलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचूनही मत तेच आहे. कारणं सांगतो.

स्विफ्टचा सराव वाया गेलेला नाही. आरसे, इंडिकेटर, रिक्षा कुठून आडवी येईल याचा अंदाज, हे सगळं तिथंच शिकायचं असतं. पण गंगापूर रोडवरून कॉलेजला जाऊन-येऊन रोजची २० मिनिटं धरली, तर सहा महिन्यांचे होतात ६० तास. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊ मुलाला परीक्षेआधी १२० तासांची नोंद दाखवावी लागते, त्यातले २० रात्रीचे. पास झाल्यावरही पहिली काही वर्षं टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. इटलीत पहिली तीन वर्षं हीच मर्यादा ७५ किलोवॅटची आहे. तुमची स्विफ्ट साधारण ६५ ला बसते. झेड-फोर २५० किलोवॅटची आणि १६०० किलोच्या आसपास, म्हणजे टनामागे दीडशेच्या वर. दोन्हीकडे नापास. जर्मनीचं म्हणाल, तर तिथं १७ व्या वर्षी गाडी मिळते ती शेजारी वयानं किमान ३० वर्षांचा, अनुभवी माणूस बसला तरच. पुढे दोन वर्षांचं प्रोबेशन, आणि त्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही. आपल्याकडे एलएमव्हीचा, म्हणजे हलक्या वाहनाचा, एकच शिक्का स्विफ्टलाही चालतो, झेड-फोरलाही आणि साडेसात टनांच्या टेम्पोलाही. कायदा इथं गप्प आहे, म्हणून बापाला बोलावं लागतं.

आता गाडीकडे येऊ. स्विफ्टमध्ये पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर पेडल तळापर्यंत दाबायची सवय पायाला लागते, कारण त्याशिवाय गाडी हलत नाही. तीच सवय घेऊन पोरगं झेड-फोरमध्ये बसतं. ५० च्या वेगानं वरच्या गिअरमध्ये निवांत चाललेली गाडी, पेडल तळाला गेल्याबरोबर किकडाउन होऊन एकदम तीन-चार गिअर खाली येते, टर्बो भरतो आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मागच्या दोनच चाकांवर येऊन पडतो. सरळ, कोरड्या रस्त्यावर पाठ सीटला चिकटते, बाकी काही होत नाही. वळणावर किंवा ओल्यात मागचा भाग बाहेर पळायला लागतो. नवखा माणूस इथं घाबरून पाय झटक्यात उचलतो, आणि खरं बिघडतं ते तेव्हा. वजन पुढच्या चाकांवर सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि उरलीसुरली पकडही जाते. स्विफ्टमध्ये ओढणारी चाकं पुढची असतात. तिथं वेग जास्त झाला की गाडी सहसा नाकासमोर घसरते आणि पाय उचलल्यावर वळणात परत येते. म्हणजे स्विफ्टमध्ये सहा महिने जी प्रतिक्रिया बरोबर ठरत होती, तीच इथं घात करते.

‘डीएससी सावरेल की!’ असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याचदा सावरेलही. प्रत्येक चाकाला वेगवेगळा ब्रेक लावणं आणि इंजिनाची ताकद कापणं, एवढं त्याच्या हातात असतं. टायरची पकड वाढवणं त्याच्या हातात नसतं. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. कोरड्या डांबरावर ते फार तर ७५-८० च्या वेगानं निघतं, ओल्यावर ६० च्या आसपास संपतं. त्यापुढे कोणतीही प्रणाली गाडी रस्त्यावर ठेवू शकत नाही. जूनच्या पहिल्या पावसात, महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा तर ४० सुद्धा जास्त होतात. शिवाय स्पोर्ट प्लस मोड निवडला की डीएससीची पकड सैल होते आणि डीटीसी लागतं, म्हणजे गाडी मागून थोडी घसरू दिली जाते. पोरं हा मोड निवडतात तो सायलेन्सरच्या आवाजासाठी. सोबत काय सैल झालं हे त्यांच्या गावीही नसतं. डीएससीचं बटण काही सेकंद दाबून धरलं तर तेही पूर्ण बंद होतं. दोन्ही गोष्टी त्याला आधीच दाखवा आणि दोन वर्षं हात लावायचा नाही म्हणून सांगा.

टायरचंही एक आहे. अशा गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर पोराला शिकवण्याआधी बदला. हे उन्हाळी रबर सात अंशांखाली कडक पडतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा त्याच्या खाली उतरतो. थंडीतल्या पहाटेची पहिली १० मिनिटं मऊ पायानंच चालवायची. स्टेपनी नसते, हेही लक्षात असू द्या.

राहिलं नाशिकचं ट्रॅफिक. सकाळी अकराला द्वारका चौकात काटा ४० ला जाणार नाही, खरंय. रात्री अकराला उड्डाणपुलावर कोण अडवतंय? आणि ४० ते ८० हे अंतर स्विफ्ट सावकाश कापते, झेड-फोर दोन-अडीच सेकंदांत. त्यात समोरच्याचा अंदाज चुकतो. त्र्यंबक रोडवर डिव्हायडरच्या फटीतून यू-टर्न घेणारा दुचाकीवाला तुमची गाडी बघतो आणि नेहमीच्या गाडीचा वेग धरून निघतो. चिरंजीवांची चूक असो-नसो, ते दोघं एकाच जागी पोचतात. दिंडोरी रोड, पिंपळगाव, लासलगाव भागात द्राक्षं-कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात मागच्या लाइटशिवाय चालतात. १०० च्या वेगात दीड सेकंद प्रतिक्रियेला धरलं तर गाडी थांबायला कोरड्यावर जवळजवळ १०० मीटर लागतात, ६० ला ४५. हेडलाइट खाली असताना विनालाइटची ट्रॉली १०० मीटरवरून दिसत नाही.

तर द्यायची कशी? आम्ही सुचवतो तो क्रम असा.

पहिला तास गाडी उभीच. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. या गाडीत ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो आणि पुढे लांबलचक बॉनेट असतं, त्यामुळे नाक कुठे संपतं ते कळत नाही. भिंतीसमोर एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्याला सांगा, खोक्यापासून एक वीत आधी थांब. जमेपर्यंत करून घ्या.

याच तासात तुमचाही एक धडा. शेजारच्या सीटवरून तुम्हाला ब्रेकचं पेडल नाही, पण इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचा स्विच मधल्या कन्सोलवर आहे. चालत्या गाडीत तो वर ओढून धरून ठेवला तर गाडी जोरात ब्रेक लावून थांबते. सोडला की ब्रेक सुटतो. मुलाला आधी सांगून, २० च्या वेगात तो एकदा वापरून बघा. स्टिअरिंगला हात घालू नका आणि इंजिन बंद करू नका, पॉवर स्टिअरिंग जाईल.

मग ब्रेक. ओळखीच्या कारखान्याचं आतलं मोकळं आवार परवानगी काढून मिळवा, सरळ दीडशे मीटर पुरतात. ४० ला, नंतर ६० ला जाऊन पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबायचा. एबीएस लागला की पेडल पायाखाली थडथडतं, घरघर आवाज येतो, आणि जवळजवळ प्रत्येक नवखा तिथं पाय सैल सोडतो, काहीतरी तुटलं असं वाटून. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय दाबलेला राहिला पाहिजे. सलग पाच वेळा तसं होईतो पुढे जायचं नाही. ऑटोमॅटिकला डावा पाय मोकळा असतो, तो ब्रेकवर येऊ देऊ नका.

त्यानंतर रस्ता. रविवारी सकाळी गंगापूर रोडनं गिरणारेपर्यंत, कम्फर्ट मोडमध्ये, पेडल निम्म्याच्या खाली. जाताना गतिरोधकावर तिरकं चढवायला शिकवा, जमिनीपासून उंची ११-१२ सेंटिमीटरच आहे. मग ओझरच्या बाजूचा महामार्ग, मग गोंदे इथून समृद्धीवर शिर्डीपर्यंत. तिथं मर्यादा १२० ची आहे आणि दुचाकींना बंदी आहे, म्हणून महामार्गाचा वेग शिकायला जागा बरी. पण त्याआधी टायरची हवा थंड असताना तपासा आणि अर्ध्या तासानं त्याला बोलतं ठेवा, सरळ रस्ता डोळे जड करतो. पाऊस आणि रात्र सर्वांत शेवटी, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. कुंभमेळ्याची कामं चालू आहेत तोवर खोदकामाच्या बाजूचे रस्ते टाळलेलेच बरे.

एकट्यानं चालवायची वेळ येईल तेव्हाही शेजारच्या सीटवर मित्र नको. शेजारी समवयस्क बसला की नवख्या ड्रायव्हरकडून अपघाताची शक्यता वाढते, हे अनेक देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. झेड-फोर दोनच सीटची असल्यामुळे निदान चौकडी भरता येत नाही, हा तिचा गुण मानायला हवा.

विश्वासाचा मुद्दा घरचा आहे, त्यात बाहेरच्यानं फार बोलू नये. एवढंच सांगतो, की किल्ल्या दोन असतात. पहिली तिजोरीत आणि दुसरी चपलांच्या कपाटातल्या वाटीत, असं बऱ्याच घरांत दिसतं.

विमा फुल आहे, हे मात्र तपासून घ्या. अपघातात गाडीचं नुकसान मिळेल, कारण मुलाकडे वैध लायसन्स आहे. क्लेम केला की ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस शून्यावर येतो, ते वेगळं. खरी गोम १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणात आहे. ते ओनर-ड्रायव्हरचं असतं; आरसीवर नाव असलेल्या मालकालाच लागू. आरसी तुमच्या नावावर आणि स्टिअरिंगवर चिरंजीव, म्हणजे त्याला त्यातलं काहीच नाही. गाडी फर्मच्या नावावर असेल तर तुम्हालाही नाही. त्याच्या नावानं वेगळी अपघात पॉलिसी काढा, किंवा नूतनीकरणाच्या वेळी त्याचं नाव घालून वाढीव संरक्षण मागा आणि ते पॉलिसीच्या कागदावर छापून आलंय का ते बघा. शर्यत आणि वेगाची चाचणी नेहमीच्या पॉलिसीत वगळलेली असते.

आता धाकटी. वय १६, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे द्राक्षमळ्यातल्या रस्त्यावर तिनं चालवायला काय हरकत? वयाची अट कायद्यात सार्वजनिक जागेपुरती आहे, पण सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथं जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा. मळ्यातून शिवाराचा वहिवाटीचा रस्ता जात असेल तर तोही त्यात आला. कुंपणाबाहेर पडली तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९-अ लागतं: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलीला २५ वर्षांची होईपर्यंत शिकाऊ लायसन्सही नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्या प्रकरणात वडिलांनाही अटक झाली.

कुंपणाच्या आत शिकवायचंच असेल तर घरची जुनी मॅन्युअल गाडी घ्या, पहिला-दुसरा गिअर, शेजारी तुम्ही, आणि त्या वेळी मळ्यात मजूर नकोत. झेड-फोर तिकडे नेऊच नका, ठिबकच्या पाइपसाठी खणलेल्या पहिल्याच चरात तिचं पोट टेकेल.