१,५०० चं बिल ६,८०० कसं झालं? एसीच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की फोनवर १,५०० सांगितले न् हातात बिल ६,८०० चं ठेवलं, दुसरा माणूस ८०० मध्ये एसी लावून देत होता, आणि आमचा पोरगा अर्धा तास मशीन चालू करून नुसता बसून होता. रिव्ह्यू सगळे वाचतात म्हणून उत्तरही इथेच सगळ्यांसमोर देतोय, आणि जरा लांब होणार आहे, कारण उन्हाळा लागला की बडोद्यात एसीच्या बिलावरून घरोघरी हेच बोलणं होतं आणि कोणी नीट समजावून सांगत नाही.

आधी त्या अर्ध्या तासाचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तो बसून नव्हता, व्हॅक्यूम चालू होता. नवीन पाइप जोडला की त्यात हवा असते आणि हवेत ओल असते. ती आत राहिली की कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळते, त्याचं ॲसिड होतं आणि ते कॉम्प्रेसरला आतून हळूहळू खातं. नुसती हवा राहिली तरी प्रेशर वाढतं, कूलिंग कमी आणि लाईटबिल जास्त. म्हणून पंप लावून पाइपातली हवा ओढून काढायची, गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्याच्या खाली पार उणे तीस इंचांच्या जवळ न्यायचा, मग पंप बंद करून बघत बसायचं की काटा परत वर येतोय का, आला तर कुठेतरी लीक आहे. तो मुलगा त्या काट्याकडे बघत बसला होता ताई. त्यानंतर त्याने व्हॉल्व्ह उघडून चारही जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं, ते तुमच्या मिस्टरांनी पाहिलंय, त्यांनीच त्याला फडकं आणून दिलं होतं. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेला मुलगा आहे, घाई करायला मीच त्याला मनाई केलीये. आणि व्हॅक्यूमचा वेगळा एक रुपया बिलात नाही, तो फोनवर सांगितलेल्या फिटिंगच्या १,५०० मध्येच आहे.

८०० वाले बरेच जण पंप आणतच नाहीत. आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या युनिटचा, व्हॉल्व्ह दोन-चार सेकंद उघडायचा, आतल्या गॅसच्याच जोरावर हवा बाहेर ढकलायची, फुस्स झालं की नट आवळायचा, पाच मिनिटांत काम संपलं. कंपनीने तोलून भरलेला गॅस तेवढा कमी झाला तो झालाच, शिवाय तुमच्या मशीनमध्ये आर-३२ आहे, स्टिकरवर लिहिलंय बघा, तो थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे, असा मोकळा सोडायची वस्तू नाही ती. असा लावलेला एसी पहिला महिना मस्त थंड करतो, म्हणून लोकांना पटतं. पुढच्या उन्हाळ्यात "गॅस संपला" म्हणून आम्हालाच फोन येतो, आणि गॅस म्हणजे काही पेट्रोल नाही की वापरून संपेल, तो संपतो तेव्हा कुठूनतरी निसटलेला असतो. भरायचे अडीच-तीन हजार होतात, लीक शोधायचे वेगळे. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी देतात पण फिटिंगच चुकीचं निघालं तर ती कामाला येत नाही, तेव्हा ८०० आणि १,५०० मधला फरक ७०० चा दिसतो तो तेवढाच राहत नाही.

आता वायर. तुम्ही लिहिलंत की तिथे प्लग होता तरी नवीन वायर गळ्यात मारली. प्लग होता, बरोबर आहे. आमच्या मुलाने मिस्टरांसमोरच त्याची प्लेट उघडली, आतल्या वायरचं कव्हर बोट लागताच भुगा होऊन पडलं, आणि वरचं जे मोठं भोक असतं अर्थिंगचं, त्याच्या मागे वायरच नव्हती. तो पॉइंट ६ अँपिअरचा, पंख्याच्या न् ट्यूबलाईटच्या लाईनवरचा. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि तो काही मिक्सरसारखा दोन मिनिटं चालून बंद होत नाही, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे रात्रभर चालतो. अशा वायरवर तो चालवला तर भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून मेन बोर्डापासून ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाईन, अर्थिंगसकट, २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा सॉकेट, मिळून १,९५०. या एका गोष्टीवर मी तडजोड करत नाही, ग्राहक रागावला तरी चालेल. त्या खोलीत तुमची नातवंडं झोपतात हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलं होतं.

पाइपचं असं आहे की खोक्यात ३ मीटर येतो. समोरच्या गल्लीत आउटडोअर लावलं असतं तर ३ मीटरमध्ये भागलं असतं, पण गल्ली एवढीशी आहे, सगळी गरम हवा समोरच्यांच्या खिडकीत गेली असती, आणि तुम्हीच म्हणालात की मागे लावा. मागे ५ मीटर लागला, वरच्या २ मीटरचे ९५० च्या भावाने १,९००. हा भाव तुम्हाला फोन झाल्या झाल्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला आहे आणि ड्रिल लावायच्या आधी पूर्ण आकडा कागदावर लिहून मिस्टरांना दाखवला होता, त्यांनी हो म्हटल्यावरच काम सुरू झालं. भोकाचे ६०० कारण भिंत दीड फुटाची, जुनी विटा-चुन्याची, छिन्नी-हातोड्याने फोडली असती तर आतला पोपडा सुटला असता, म्हणून कोअर कटरने (गोल भोक कापायच्या मशीनने) कापलं, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं.

आणि स्टँडचे ८५०. अंगणात दोन विटांवर ठेवलं असतं तर हे वाचले असते असं तुम्ही लिहिलंय. ताई, ऑगस्ट २०२४ चा पूर आठवा. विश्वामित्रीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते तुम्हीही पाहिलंय, त्यानंतर आम्ही किती आउटडोअर उघडले ज्यांच्या पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर, नुसता गाळ होता, आणि ते सगळे जमिनीवर ठेवलेले. तेव्हापासून नदीच्या बाजूच्या वस्तीत मी जमिनीवर बसवतच नाही, भिंतीवर जेवढं वर जाईल तेवढं, फक्त सर्व्हिसला हात पोचला पाहिजे.

१,५०० + १,९०० + ८५० + ६०० + १,९५०, जीएसटी धरून ६,८००. यात न सांगितलेलं काही नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, सगळ्यांचंच बिल एवढं होत नाही. गोत्री, वाघोडिया रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये एसीचा पॉइंट, भोक, आउटडोअरची जागा बिल्डरने केलेलीच असते, तिथे १,५०० आणि लागला तर स्टँड, संपलं, उगाच वायर बदलून घेऊ नका, आमच्याकडूनही नाही. इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर घ्यायच्या आधी पुस्तिकेत व्होल्टेजची रेंज बघा, पुष्कळदा लागत नाही. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं फिटिंग बहुतेक वेळा कंपनीच फुकट करते, फक्त मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का ते उभं राहून बघा. आरओ लावायच्या आधी पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायला सांगा, ५०० च्या खाली आला तर मी स्वतः सांगतो की आरओ नको, साधा फिल्टर चालेल. आणि कोणालाही बोलवा, आम्हालाच बोलवा असं नाही, फोनवर एवढं विचारा की व्हॅक्यूम पंप आणणार का, पाइप तांब्याचाच का, मीटरचा भाव काय, भोकाचे वेगळे किती. जो याची उत्तरं द्यायला टाळाटाळ करतो त्याचे ८०० पण जास्तच आहेत.

ताई, स्टार तुम्हाला ठेवायचा असेल तर ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या खोलीतला जुना प्लग अजून भिंतीवर आहे, एसीची लाईन वेगळी केली तरी तो बंद झालेला नाही. त्याच्यावर इस्त्री, रूम हीटर, काहीच लावू नका, आतल्या वायरचं कव्हर भुगा झालेलं आहे. तुमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून त्याची वायर बदलून अर्थिंग ओढून घ्या, किंवा पहिल्या सर्व्हिसला मुलगा येईल तेव्हा त्याला सांगा, वायरचे जे होतील तेवढेच द्या, मजुरी नको.