मेरीला व्यासपीठ द्यायला हवं होतं

जेक हेगीचा 'इंटेलिजन्स' हा ऑपेरा पाहून आले. गाणं अप्रतिम, नाच त्याहून अप्रतिम, आणि तरी माझी तक्रार आहे. जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने २० ऑक्टोबर २०२३ ला याचा पहिला प्रयोग केला. या संस्थेने जगासमोर पहिल्यांदा आणलेला हा ७५वा ऑपेरा. संगीत हेगीचं, संहिता जीन शीअरची, दिग्दर्शन आणि नृत्यरचना जवोले विला जो झोलर यांची. विषय अमेरिकेतल्या यादवी युद्धात रिचमंड शहरात हेरगिरी करणाऱ्या दोन बायकांचा. एक गोरी, श्रीमंत, एलिझाबेथ व्हॅन ल्यू. दुसरी त्याच घरातली, गुलामीत जन्मलेली मेरी जेन.

आपली या युद्धाशी शाळेतली ओळख कापसाच्या भावातून होते. अमेरिकेचा कापूस अडकला, मुंबईत पैसा वाहिला, १८६५ ला युद्ध थांबलं आणि शेअरबाजार गडगडला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. असो.

आधी एलिझाबेथबाई. रिचमंड ही बंडखोर दक्षिणेची, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांची, राजधानी. तिथे चर्च हिलवर यांचा वाडा. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी, घरात गुलाम राबणारे. लेक शिकली फिलाडेल्फियाला आणि गुलामगिरीच्या विरोधात गेली. युद्ध सुरू झाल्यावर लिबी तुरुंगातल्या उत्तरेच्या कैद्यांना ही जेवण, पुस्तकं पोचवायला लागली आणि येताना बातम्या घेऊन यायला लागली. पुढे गोरे, काळे, गुलाम, मुक्त अशी सगळ्या थरांतली माणसं जोडून तिने जाळंच उभं केलं.

या जाळ्याचा एक पराक्रम मला फार आवडतो. १८६४च्या मार्चमध्ये उत्तरेचा कर्नल डालग्रेन रिचमंडजवळ मारला गेला. दक्षिणेच्या अधिकाऱ्यांनी त्याला कुठे पुरलं ते गुपित ठेवलं. व्हॅन ल्यूच्या माणसांनी जागा हुडकून काढली, रात्री प्रेत उकरलं, आदल्या वर्षी कापावा लागलेल्या पायावरून ओळख पटवली, आणि मग ते गाडीत घालून वर पीचची रोपं रचून शहराबाहेर काढलं. नाक्यावरच्या शिपायाशी गाडीवाना­ने रोपांबद्दल गप्पा मारल्या म्हणे! प्रेतावर बसून बागकामाच्या गप्पा. ऑपेरावाल्यांनो, याहून नाट्यमय प्रवेश कुठे मिळणार होता तुम्हाला?

तिची भावजयच तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली, तेही त्याच वर्षी. ऑपेरात ही भावजय आहे, आणि वाड्यातला हा घरचा भेदी रंगतोही छान. जेमी बार्टनने एलिझाबेथ उभी केलीय ती दणदणीत. बाईंनी तोंड उघडलं की संगीत नाटकाला रात्र जागवणाऱ्या आमच्या आजोबांनी "वन्स मोअर" ओरडून थिएटर डोक्यावर घेतलं असतं. इथे सगळे हात बांधून बसतात, टाळ्या वाजवायची जागासुद्धा ठरलेली.

आता माझ्या तक्रारीकडे येते. मेरी जेन.

ऑपेरात मेरी दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या घरी मोलकरीण म्हणून शिरते, कागद वाचते, बातम्या बाहेर पोचवते. आणि तिचा खरा शोध असतो तो स्वतःच्या जन्माचा, आईचा. जनाय ब्रुगर गाते सुरेख, त्याबद्दल वादच नाही. पण ही सगळी मेरी जवळजवळ दंतकथेतून उचललेली आहे. निरक्षर असल्याचं सोंग घेणारी, एकदा पाहिलेला कागद जन्मात न विसरणारी मोलकरीण, ही गोष्ट युद्धानंतर कित्येक वर्षांनी ऐकीव आठवणींतून फुगत गेली. डेव्हिसच्या बायकोने १९०५ साली आपल्याकडे अशी शिकलेली मोलकरीण नव्हतीच म्हणून साफ नाकारलं. तिच्या नाकारण्याला मी फार किंमत देत नाही, कोणती मालकीण कबूल करेल? पण गोष्टीला कागदाचा आधार नाही तो नाहीच. इंटरनेटवर मेरी म्हणून जो फोटो फिरतो, तोही तिचा नव्हे. बऱ्याच नंतर काढलेला, त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईचा आहे. तरी दर फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, फॉरवर्ड होऊन येतोच.

कागदोपत्री जी मेरी सापडते ती माझ्या मते याच्या दसपट भारी आहे. १८४६ साली रिचमंडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये बाप्तिस्मा, म्हणजे गोऱ्यांच्या चर्चमध्ये. मग शिकायला उत्तरेत. १८५५ ला थेट आफ्रिकेत, लायबेरियाला धाडली. तिथे रमली नाही, १८६० मध्ये परत आली. रिचमंड ज्या राज्यात आहे त्या व्हर्जिनियाच्या कायद्याने उत्तरेत शिकून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीय माणसाला परत पाऊल ठेवायची मुभा नव्हती. पकडली, तुरुंगात टाकली, तर तिने नाव भलतंच सांगितलं. सुटका झाली ती व्हॅन ल्यूच्या घरची गुलाम म्हणून. म्हणजे जिने गुलामगिरीचा तिटकारा केला त्याच घराने हिला वाचवण्यासाठी "ही आमची मालमत्ता" म्हणून सांगायचं, आणि हिने ते ऐकून घ्यायचं. या दोघींच्या नात्यातली खरी गाठ इथे आहे. आईच्या शोधाचं रहस्य रचत बसायची काय गरज होती?

आणि सप्टेंबर १८६५. युद्ध संपून पाच महिने झालेत. न्यूयॉर्कच्या अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये 'रिचमोनिया रिचर्ड्स' नावाची तरुणी भाषणाला उभी राहते. तीच ही. काही दिवसांनी ब्रुकलिनला पुन्हा भाषण, पुन्हा वेगळं आडनाव. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात बातमी छापून आली: बोलणं खोचक, मधूनमधून चांगलंच विनोदी. डेव्हिसच्या घरात ती कपडे धुवायला हवेत का विचारायच्या मिषाने शिरली आणि कपाटाचे खण उघडून कागद चाळले, असं तिने स्वतः सांगितलं. खरं असेल, थोडं मीठमिरची लावलेलंही असेल. पण ते मीठमिरची लावणारी ती होती! गोष्ट तिची आणि सांगणारीही तीच.

हेर म्हणजे आयुष्यभर ओठ शिवलेला माणूस, आणि ऑपेरा म्हणजे तोंड उघडल्याशिवाय ज्यात काहीच घडत नाही असा प्रकार. या दोन टोकांना जोडणारा प्रसंग इतिहासाने आयता दिलाय: हेर बाई व्यासपीठावर चढते आणि खोटं नाव लावून भरल्या सभेत खरं बोलते. तो प्रसंग सोडून आपण पुन्हा तिला मालकाच्या दिवाणखान्यात ट्रे घेऊन उभी केली. मला याचा राग येतो.

झोलरबाईंचे मात्र शंभर टक्के आभार. त्यांच्या 'अर्बन बुश विमेन' कंपनीच्या नर्तिका मंचावर असतात तेव्हा कागदावर न आलेल्या सगळ्या पिढ्या एकदम आसपास वावरायला लागतात. गाणाऱ्यांना जे शब्दांत जमत नाही ते या बायका पाठ वळवून, पाय आपटून करतात. पहिल्या अंकात माझं लक्ष गायकांपेक्षा यांच्याकडेच जास्त होतं.

नवऱ्याचं म्हणणं, ऑपेरा म्हणजे इतिहासाचा पेपर नव्हे, कल्पनेला मोकळीक हवी. अगदी मान्य. एलिझाबेथने युद्धानंतर आपले पाठवलेले अहवाल सरकारकडून परत मागवून नष्ट केले. अमेरिकेचा अध्यक्ष ग्रँट याने १८६९ मध्ये तिला रिचमंडची पोस्टमास्तर केली, आणि शहराने तिला मरेपर्यंत वाळीत टाकलं. अशा बाईच्या बाबतीत कल्पना लढवावीच लागणार. पण मेरीच्या बाबतीत बाईचे स्वतःचे शब्द हाताशी आहेत. १८६७ साली ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गुलामीतून मुक्त झालेल्या माणसांची शाळा चालवत होती. आजूबाजूच्या गोऱ्यांची नजर तिला ठीक वाटेना. तिने वरिष्ठांना कळवलं की हेरगिरीत इतका काळ काढलाय की अजून मी या लोकांना न्याहाळतच असते, यांच्या डोळ्यांत जे दिसतंय ते बरं नाही. आणि पुढे, मी घाबरले असं समजून पत्राला हसू नका. रिचमंडच्या तुरुंगात चार महिने काढलेलं माणूस इतक्या सहजी घाबरत नाही.

सांगा, या पत्राचा आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, होणार नाही? कुणी संगीतकार हे वाचत असेल तर दुसरा अंक न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये सुरू करा आणि शेवट या पत्रावर करा. तिकीट मी आधी काढीन. आणि तोवर हा पुन्हा कुठे लागला तर हाही बघाच, नर्तिकांसाठी आणि जमलं तर जेमी बार्टनसाठी. माझी तक्रार जरा बाजूला ठेवून.