‘कायमचा शिक्का’ : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

सेन्सर आणि ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, मागाहून बदलता न येणारी नोंदवही) यांची सांगड घालणाऱ्या स्टार्टअपांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की हीलियम, आयोटा, स्लॉक.इट ही सगळी टोकन, म्हणजे स्वतःच काढलेली डिजिटल नाणी, विकायची दुकानं आहेत आणि माझा लेख म्हणजे कंपन्यांच्या पत्रकांचं भाषांतर. शिवाय हे वाक्य : ‘सेन्सरच खोटं बोलला तर ब्लॉकचेन त्या खोट्यावर कायमचा शिक्का मारते, एवढं साधं लेखकाला कळू नये?’

‘कळू नये?’ ही विचारायची रीत झाली का? मतभेद असतील तर मांडा, पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याची अक्कल काढायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मी उमेदीची वर्षं औषधांच्या शीतसाखळीत, म्हणजे औषधं थंड ठेवून पोचवण्याच्या कामात, काढली आहेत. भिवंडीच्या गोदामात माल उतरला की खोक्यातून डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) काढायचा, संगणकाला लावायचा आणि आलेख छापून फाइलला लावायचा, हे माझं रोजचं काम होतं. दोन ते आठ अंशांत राहायला हवा असलेला एक माल पहाटे अकरा अंशांवर जाऊन आलेला मी आलेखावर पाहिला. पुढे वाहतूकदाराकडून त्याच मालाची एक्सेल फाइल आली, तिच्यात तो उंचवटाच नव्हता. सेन्सर खरं बोलला होता. खोटं शिरलं ते नंतर, माणसाच्या हातून. माझ्याकडे छापील कागद होता म्हणून माल परत पाठवता आला, नाहीतर तो दवाखान्यांत पोचला असता.

माझ्या लेखातलं झुरिकच्या मोडम या कंपनीचं उदाहरण नेमकं याच जागेचं आहे, आणि त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. औषधांच्या वितरणासाठी युरोपीय संघाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वाटेत तापमान बिघडलं तर ते पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळवलंच पाहिजे, असं ती सांगतात. मोडमच्या मूळ रचनेत खोक्यातला लॉगर ब्लूटूथवरून फोनला आकडे देत असे. आकडे साध्या डेटाबेसमध्येच राहत, इथेरियम या ब्लॉकचेनवर जाई तो त्यांचा हॅश, म्हणजे त्या आकड्यांवरून गणितानं काढलेला छोटा ठसा. नंतर कुणी एक आकडा जरी फिरवला तरी हॅश जुळत नाही. औषध कंपनी, वाहतूकदार आणि घाऊक विक्रेता यांपैकी कुणालाच दुसऱ्याच्या संगणकावर विश्वास टाकावा लागत नाही. ज्या शिक्क्याची तुम्ही टर उडवलीत, तो तेव्हा माझ्या हाती असता तर एका कागदावर सगळं अवलंबून राहिलं नसतं.

सेन्सर बिघडलेला असला तर? त्यासाठी कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहणं, असतं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असतं. ते काम ब्लॉकचेननं करावं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख शेवटपर्यंत वाचलात का, अशी शंका येते.

हीलियमबाबत तुमचा एक मुद्दा मान्य. भाड्यानं स्कूटर देणाऱ्या लाइमचं नाव ते ग्राहक म्हणून मिरवत होते, आणि २०१९ मधल्या प्राथमिक चाचणीपलीकडे आपला संबंध नाही असं लाइमनं २०२२ मध्ये सांगितलं. हे लेखात असतं तर बरं झालं असतं. पण ऑस्टिनपासून सुरू होऊन लोकांनी आपापल्या घरात हॉटस्पॉट नावाची छोटी रेडिओ यंत्रं लावून उभं केलेलं लोरावॅनचं (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पोचवणाऱ्या पद्धतीचं) जाळं त्यामुळे खोटं ठरत नाही. आयोटाचा कोऑर्डिनेटर (व्यवहार पक्के करणारा, त्यांच्याच संस्थेनं चालवलेला मध्यवर्ती घटक) आणि ट्रिनिटी या त्यांच्या डिजिटल पाकिटातून २०२० मध्ये झालेली चोरी लेखात आहेच. ब्लॉकचेनला जोडलेली कुलपं करू पाहणाऱ्या स्लॉक.इटचं म्हणाल तर २०१६ ची चोरी ‘द डाओ’ या त्यांच्याशी संबंधित सामूहिक गुंतवणूक निधीच्या संगणकीय करारातून झाली, कुलपातून नव्हे. त्यात आणखी शिरत नाही.

लॉगर आणि फोन यांच्या मधल्या टप्प्यात, हॅश तयार होण्याआधी, आकडा बदलता येतो का? या रचनेवर खरा प्रश्न विचारायचा तर तो हा आहे. त्यावर तुमच्याकडे काही असेल तर नावानिशी लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. निनावी शेरेबाजी यापुढे इथे मंजूर होणार नाही.