बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायला सांगणारा तो मेसेज

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय. सारांश असा की नवीन अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा भाग) टाकूनही चार्जिंग होत नसेल तर गाडी चालू ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर डुप्लिकेट, लगेच परत करा, आणि चालू राहिली तर बॅटरी बदला. खाली आणखी टिपा: डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझला म्हणजे टेन्शन नाही, मीटरवर 14 व्होल्ट आले की विषय संपला, बॅटरी उतरली असेल तर हायवेला तासभर फिरवून आणा, जास्त अँपचा अल्टरनेटर टाकू नका बॅटरी जळते. एकेक घेऊ.

वायर काढायची युक्ती डायनॅमोच्या जमान्यातली आहे, तेव्हा गाडीत उडण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स फारसं नव्हतंच. आता ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे, एबीएस आहे, एअरबॅग आहे, टचस्क्रीन आहे. अल्टरनेटर बॅटरीत करंट ढकलत असताना तुम्ही टर्मिनल उपटलं की तो करंट जायला जागा उरत नाही, आतल्या रोटरचं, म्हणजे फिरणाऱ्या चुंबकाचं, फील्ड काही त्याच क्षणी मरत नाही, आणि व्होल्टेज एकदम वर उसळतं. याला लोड डंप म्हणतात, आणि क्लॅम्प (व्होल्टेजची उसळी दाबणारा भाग) नसलेल्या 12 व्होल्टच्या सिस्टीमसाठी आयएसओच्या टेस्टमध्ये हा झटका 79 ते 101 व्होल्टचा धरलेला आहे, क्लॅम्प असेल तर साधारण 35. गंमत बघा, बॅटरी जितकी उतरलेली तितका ती करंट जास्त ओढते, म्हणजे झटकाही तितका मोठा, आणि हा प्रयोग नेमका उतरलेल्या बॅटरीवरच करायला सांगतात! बरं, एवढं करून कळतं काय? आतला एक डायोड (एसी करंटचा डीसी करणारा भाग) गेलेला अल्टरनेटर गाडी आरामात चालू ठेवतो, आणि चांगला अल्टरनेटर असूनही आयडलला गाडी बंद पडू शकते.

आता "डुप्लिकेट आहे, परत करा". असतात डुप्लिकेट, नाही असं नाही, आणि रिपेअर करून नवा म्हणून विकलेलेही असतात. पण जुना काढून नवा लावताना काय काय हललं ते आधी बघा ना. सगळ्यात जास्त गंडतं ते मेन फ्यूज. बॅटरी न काढताच अल्टरनेटरच्या बी प्लसचा, म्हणजे मागच्या जाड वायरच्या टर्मिनलचा, नट आवळायला घेतला, पान्ह्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं, चट्‌कन ठिणगी उडाली, मेकॅनिक म्हणाला "काही नाही होत", आणि बॅटरीजवळच्या डब्यातला 80 किंवा 100 अँपचा फ्यूज त्याच क्षणी गेला. असा फ्यूज गेलेल्या गाडीत पाठोपाठ दुसरा नवीन अल्टरनेटर बसवलेला मी बघितलाय, आणि तोही "खराब" निघाला अर्थातच! तपासायला मिनिट लागतं: इंजिन बंद, मल्टीमीटर डीसी 20 वर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या स्टडवर. बॅटरीवर जेवढे व्होल्ट तेवढेच इथे यायला हवेत. शून्य आलं तर फ्यूज किंवा वायर, अल्टरनेटरचा काही संबंध नाही.

मग अल्टरनेटरला लागणारा बारीक वायरींचा तो छोटा प्लग. लॉक तुटलेला, पिन मागे सरकलेली, नाहीतर नुसताच अर्धवट बसलेला. नवीन पीसचा प्लग दिसायला तोच पण आतली पिनांची मांडणी वेगळी, असंही होतं, म्हणून पार्ट नंबर जुळवूनच घ्यायचा. आणि अर्थिंग: नवीन ब्रॅकेटवर रंग, जुन्या इंजिन अर्थच्या वायरच्या टोकाला (थिंबलला) गंज. गाडी चालू करून हेडलाइट, एसीचा ब्लोअर फुल लावा, एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच बी प्लस ते बॅटरी पॉझिटिव्ह, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वायर किंवा जोड करंट खातोय. बेल्ट तर बोटाने दाबूनच कळतो, लोड टाकल्यावर चिरकत असेल तर आधी तो ताणा.

लाल दिवा. बऱ्याच गाड्यांत या दिव्यातूनच रोटरला पहिला करंट मिळतो, म्हणून चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो लागलाच पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटलीय, आणि मग अल्टरनेटर जागाच होत नाही किंवा जोरात रेस दिल्यावर होतो. म्हणजे दिवा कधीच न दिसणं ही खूशखबर नाही.

14 व्होल्टचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक गाड्यांत चालू इंजिनला 13.8 ते 14.7 यायला हवेत, पण सगळं बंद ठेवून मोजलेले 14 कोणीही दाखवतो, लाइट-ब्लोअर लावून मोजा. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड प्लेट संशयास्पद. असा गळका डायोड रात्रभर बॅटरी पितो आणि सकाळी सगळे बॅटरीला शिव्या घालतात. उलट मे महिन्यात नागपूरला तापलेल्या इंजिनवर 13.6 दिसलं तर घाबरू नका, गरम झाल्यावर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणारा भाग) व्होल्टेज खाली आणतोच. आणि निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्या तर चालताना मुद्दाम 12.8 वगैरेवर येतात, ब्रेक मारताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर वर जातात, तिथे एका रीडिंगवरून निकाल देऊ नका.

हायवेचा उपाय: 12.6 म्हणजे भरलेली, 12.0 म्हणजे जवळपास रिकामी बॅटरी, ती तासाभरात भरत नाही, आणि नवीन अल्टरनेटर मात्र त्या तासभर फुल लोडवर तापतो. बॅटरीवाल्याकडे रात्रभर चार्जिंगला लावा.

जास्त अँपवाला मुद्दा साफ चूक. रेग्युलेटर व्होल्टेज धरून ठेवतो, बॅटरी तिला हवा तेवढाच करंट घेते. बॅटरी उकळते ती रेग्युलेटर गेल्यावर, 15-16 व्होल्ट यायला लागल्यावर. फक्त वायर आणि फ्यूज त्या अँपला पुरेसे हवेत.

आणि एवढं सगळं बघून झालं, फ्यूज शाबूत, प्लगमध्ये सप्लाय येतोय, बेल्ट घट्ट, दिवा लागतोय, तरी इंजिन चालू असताना बी प्लसच्या स्टडवरच 12.3 असेल, तर मग खुशाल पीस परत करा, फक्त मीटरचा फोटो काढून न्या, दुकानदार मग कमी वाद घालतो.