ऑनलाइन लिलावात टोपी घालण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

ऑनलाइन लिलावाचा पाया पहिल्याच वस्तूला चुकीचा घातला गेला. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी पुढे ईबे म्हणून गाजलेलं संकेतस्थळ सुरू केलं, आणि त्यावर पहिली वस्तू विकली गेली ती बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. या गृहस्थांनी घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं की, बाबा रे, हा चालत नाही हे तुझ्या लक्षात आलंय ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच गोळा करतो. झालं! विकणाऱ्यानं खरं सांगायचं, घेणाऱ्यानं नीट वाचायचं आणि ठरलेले पैसे द्यायचे, असा विचित्र पायंडा पडला. तो मोडायला नंतरच्या मंडळींना फार खपावं लागलं. तुम्ही या क्षेत्रात आता उतरताय, तर त्यांच्या कष्टांचा आयता लाभ घ्या.

विकायचं असेल तर सुरुवात वर्णनापासून करा. मराठीत काय किंवा कुठल्याही भाषेत काय, सगळ्यात कमाऊ वाक्य एकच: 'तपासून पाहिलेलं नाही.' वस्तू विजेवर चालणारी आहे, वायर शाबूत आहे, प्लग हाताच्या अंतरावर आहे, तरी तपासलेली नाही. कारण तपासलं की कळतं आणि कळलं की लिहावं लागतं. त्याच्या जोडीला 'घर आवरताना सापडलं, मला यातलं काही कळत नाही' हे वाक्य ठेवा. ज्याला काही कळत नाही त्यानं शीर्षकात मात्र मॉडेल, उत्पादनाचं वर्ष आणि 'दुर्मिळ' हे तिन्ही बिनचूक लिहायचं असतं.

फोटोंचं तंत्र वस्तूप्रमाणे बदलतं. जुनी कॅमेरा लेन्स विकताय असं समजू. समोरून, उजेडात, किंचित तिरका फोटो काढा. काच लखलखीत दिसते. दोन्ही बाजूंची झाकणं काढून, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडून, मागून टॉर्च मारायचा मोह टाळा, कारण तसं केलं की आतल्या काचेवर फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. ती बुरशी. ती काचेवरच्या लेपापर्यंत पोचली असेल तर पुसल्यावरही डाग राहतो. तिला वर्णनात 'जुन्या लेन्समध्ये असते तेवढी धूळ' म्हणावं. कॅमेरा असेल तर बॅटरीच्या कप्प्याचा फोटो नको. तिथल्या पट्ट्यांवरचे हिरवट-पांढरे क्षार सगळी कहाणी सांगून टाकतात. भरपूर फोटो टाकायची सोय असली तरी चार पुरेत, आणि त्यातला एक कंपनीच्या जाहिरातीतला असावा.

ज्यांना इतकीही मेहनत नको त्यांच्यासाठी खोक्याचा मार्ग आहे. शीर्षकात महागड्या गेमिंग कन्सोलचं पूर्ण नाव, फोटोत खोकं, तीन परिच्छेद कन्सोलच्या क्षमतेबद्दल आणि अगदी शेवटी बारीक अक्षरांत 'विक्री फक्त खोक्याची'. तक्रार आलीच तर दुखावल्या सुरात विचारायचं, 'आपण वर्णन वाचलं नव्हतं का?'

खरे कलावंत मात्र मेमरी कार्डांत सापडतात. ३२ जीबीच्या कार्डातल्या कंट्रोलर चिपला 'तू ५१२ जीबीचा आहेस' असं शिकवून ठेवायचं. कार्ड संगणकाला लावलं की तो ५१२ दाखवतो, कारण संगणक चिपला विचारतो आणि चिप खोटं बोलते. पहिल्या ३२ जीबीपर्यंत सगळं सुरळीत जातं. त्यानंतर फायली कॉपी होताना दिसतात, त्यांची नावंही दिसतात, पण मजकूर हवेत जातो किंवा आधीच्या फायलींवर लिहिला जातो. यातली खरी मजा वेळेची आहे. घेणारा पहिल्या दिवशी कार्ड लावतो, आकडा बघतो, 'वर्णनाप्रमाणे वस्तू, जलद सेवा' असं लिहून पाच तारे देऊन मोकळा होतो. लग्नाचे फोटो उघडत नाहीत हे त्याला कळतं तीन महिन्यांनी, तेव्हा परताव्याची मुदत उलटलेली असते. एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री हे फुकट मिळणारे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून ते परत वाचून बघतात आणि असलं कार्ड पहिल्याच दिवशी उघडं पाडतात. त्याला काही तास लागतात. तेवढा वेळ कुणाला नसतो, यावरच तुमचा धंदा उभा आहे.

आपण हे करून एकूण बाजाराचं काय करतो, अशी शंका आलीच तर मन खंबीर ठेवा; तुमच्या कार्याला शास्त्रीय आधार आहे. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. चांगली गाडी कुठली आणि भंगार कुठली हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, तिचा मालक बाजारातून उठून जातो, उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, मग भावही घसरतो. या विचाराबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. म्हणजे तुमच्या 'तपासून पाहिलेलं नाही'मुळे शेजारच्या, खरोखर तपासून विकणाऱ्याचाही भाव पडतो. हे एकट्याच्या हातून होणारं काम नाही, पण खारीचा वाटा उचलायला काय हरकत आहे?

आता बोलीकडे येऊ. लिलाव चालतो कसा ते आधी समजून घ्या. नियम माहीत नसताना मोडण्यात गंमत नाही. घेणारा आपली कमाल बोली गुपचूप सांगून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवते. त्याची कमाल ८०, दुसऱ्याची ५० आणि टप्पा (म्हणजे बोली एका वेळी किमान किती वाढते तो आकडा) १ चा असेल तर भाव ५१ वर थांबतो. मधले २९ घेणाऱ्याच्या खिशात राहतात. तुम्हाला झोप लागू देत नाहीत ते हेच २९.

म्हणून मेव्हण्याच्या नावानं खातं उघडा. त्यानं ५५ लावले की भाव ५६, ६० लावले की ६१. खरा घेणारा वरचढच राहतो आणि वर जात राहतो. अडचण इतकीच की तो ८० वर थांबणार हे मेव्हण्याला दिसत नाही. त्यानं ८१ लावले की वस्तू मेव्हण्याची, आणि संकेतस्थळाचं कमिशन तुमच्या अंगावर. हात दाखवून अवलक्षण! यावर उतारा असा: मेव्हण्यानं एकदम हजार लावायचे. भाव उडी मारून घेणाऱ्याच्या कमाल बोलीच्या एक टप्पा वर जाऊन थांबतो, म्हणजे कमाल किती ते कळलं. लगेच 'शून्य चुकून जास्त पडलं' म्हणून बोली मागे घ्यायची आणि नव्यानं ७९ लावायचे. लिलाव संपायला १२ तासांहून कमी उरले असतील तर ईबेवर बोली लावल्यापासून तासाभरातच ती मागे घेता येते, तेव्हा शून्य वेळेत चुकायला हवं. तेही नाही जमलं तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला कळवायचं की जिंकलेल्या गृहस्थांवर अचानक संकट कोसळलंय, तुमच्या कमाल बोलीला वस्तू तुमची.

मेव्हण्याचं खातं फक्त तुमच्याच वस्तूंवर बोली लावतं, लिलावाच्या सुरुवातीला लावतं, शेवटच्या मिनिटाला कधीच नाही, आणि महिनोन् महिने काही जिंकत नाही, हे बोलींचा इतिहास उघडणाऱ्याला दोन मिनिटांत दिसतं. सुदैवानं तो फार थोडे उघडतात. पण अति तिथं माती. २००० साली ईबेवर एक चित्र २५ सेंटपासून सुरू होऊन १,३५,८०५ डॉलरपर्यंत चढलं, कारण कोपऱ्यातली सही रिचर्ड डीबेनकॉर्न या चित्रकाराची असावी असं लोकांना वाटलं. विकणाऱ्यानं स्वतःच दुसऱ्या नावानं बोली लावलेली निघाली. विक्री रद्द झाली आणि २००१ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या फेडरल कोर्टात जाऊन गुन्ह्याची कबुली द्यावी लागली. तेव्हा बातमीत येईल असला भाव चढवू नका. लहान वस्तू, लहान टप्पे.

घेणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये, त्यांनाही भरपूर वाव आहे. तुम्ही वस्तूवर २० लावा, मित्राला ५०० लावायला सांगा. कुणी २५ लावलं की मित्राची बोली आपोआप वर सरकते, आणखी दोघांनी जोर लावला की भाव शंभरीच्या पुढे जातो, म्हणून बाकीचे निघून जातात. मुदतीच्या आत मित्राला ५०० परवडेनासे होतात, तो बोली मागे घेतो आणि वस्तू तुमच्या वीसला यायला हवी. पण मधे आलेल्या बोली तिथंच राहतात आणि तुमच्या वीसच्या वर असतात, ही या युक्तीतली खोच. म्हणून वस्तू लिलावाला येताच, पहिल्याच तासात, कुणी फिरकायच्या आत दोन मित्रांनी मिळून बोली उंच न्यायची असते. इतकी आखणी करणाऱ्या माणसाला खरी किंमत देणं परवडलं असतं, पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही!

शेवटच्या पाच सेकंदांत येऊन वस्तू उचलणाऱ्यावर सगळे चिडतात. खरं तर त्यात लबाडी काडीची नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं की दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे मोजायचे असतील तर मनातली खरी कमाल एकदाच सांगावी. ती सांगितली असेल तर पाच सेकंदवाला तुमच्याहून जास्त मोजूनच जिंकतो. पण तुम्ही तसं करू नका. १० लावा, मग १२, मग १३, इतरांना तुमची हौस दिसू द्या, आणि हरल्यावर शेवटच्या क्षणी आपोआप बोली लावणाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या द्या. अ‍ॅमेझॉनचे लिलाव होते तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत पुढे सरकायची. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबतं. उशिरा बोली लावायचं प्रमाण ईबेवर जास्त आणि अ‍ॅमेझॉनवर कमी, असं रॉथ आणि ओकेनफेल्स या अभ्यासकांना आढळलं. म्हणजे दोष घड्याळाचा. तुमचा कसा असेल?

पार्सलाबद्दल थोडक्यात. वस्तूची किंमत चिमूटभर आणि पाठवणी खर्च पोतंभर ठेवायची पद्धत जुनी आहे, कारण कमिशन फक्त किमतीवर लागायचं. ईबेनं २०११ पासून पाठवणी खर्चावरही ते लावलं आणि एका सुंदर परंपरेचा जीव घेतला. ट्रॅकिंगची युक्ती अजून चालते: त्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवा, नोंदीत 'पोचलं' असं येतं. फक्त घेणाऱ्यानं कुरिअरकडून नोंदवलेलं वजन आणि दाराचा पत्ता मागू नये. दीड किलोच्या अ‍ॅम्प्लिफायरचं पाकीट ४० ग्रॅमचं निघालं की बोलणं खुंटतं. घेणाऱ्यांनीही परतफेडीत आपला जुना, जळका भाग पाठवून नवा ठेवून घ्यावा. विकणाऱ्यानं पाठवण्याआधी सिरीयल नंबराचा फोटो काढलेला नसेल आणि आत कुठं बारीक खूण केलेली नसेल तर तो काय सिद्ध करणार? आणि पैसे द्यायची वेळ आली की 'संकेतस्थळाबाहेर करू या का, कमिशन वाचेल' हा प्रस्ताव दोघांपैकी कुणीही मांडावा. कमिशन वाचतंच, आणि त्यासोबत तक्रार करायची जागाही.

राहता राहिली अब्रू, म्हणजे अभिप्राय. सुरुवातीच्या काळात दोघंही एकमेकांना शेरे द्यायचे, त्यामुळे 'तू आधी दे मग मी देतो' असं चालायचं आणि एकूण कारभार अळीमिळी गुपचिळी. १९९९ च्या ईबे व्यवहारांच्या एका अभ्यासात घेणाऱ्यांनी दिलेले ९९.१ टक्के अभिप्राय चांगले निघाले. पृथ्वीवर इतकं समाधान दुसरीकडे कुठं नोंदलं गेलं असेल असं वाटत नाही. २००८ मध्ये ईबेनं विकणाऱ्यांचा वाईट शेरा द्यायचा हक्कच काढून घेतला. तेव्हापासून घेणारा लिहू शकतो, 'अर्धे पैसे परत करा, नाहीतर एक तारा.' याला वाटाघाट म्हणतात.

विकणाऱ्यानं अब्रू घाऊक विकत घ्यावी. एक-एक सेंटच्या शंभर वस्तू विका किंवा घ्या, शंभर चांगले शेरे जमतात, आणि मग एकाच आठवड्यात वीस लॅपटॉप लिलावाला काढा. शेरे कशाबद्दल होते, कधीचे होते, हे बघायला आकड्यावर क्लिक करावं लागतं. प्रामाणिकपणानं वर्षानुवर्षं नाव कमावायचा विचार असेल तर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचा: एकाच अनुभवी विक्रेत्यानं सारखीच जुनी पोस्टकार्डं आपल्या नावाजलेल्या खात्यावरून आणि कोऱ्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्याला सुमारे ८ टक्के जास्त मिळाले. फक्त आठ! त्यासाठी इतकी वर्षं खरं बोलायचं?

तरीही एखादा घेणारा आडवा येतोच. बोली लावायच्या आधी तो लिहितो, 'आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून सिरीयल नंबराचा फोटो पाठवाल का? आणि चालू करून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ?' उत्तर देत बसू नका, थेट ब्लॉक करा. तो दुसऱ्या कुणाकडून तीच वस्तू घेईल, त्याच दिवशी पैसे भरेल, कार्ड असेल तर रात्रभर तपासत बसेल, आणि सगळं ठीक निघालं तर तसं लिहूनही टाकेल.