पिनकोडचा साचा आणि पिनकोडची यादी

फॉर्ममधला पिनकोड रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षर-अंकांची मांडणी सांगणाऱ्या साच्याने, तपासण्याबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर आपला आक्षेप दुहेरी आहे : माझ्या पिनकोड-तपासणीतून सात अंकी आकडाही पार होतो, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनला ९९९९९९ हा अस्तित्वात नसलेला पिनकोडही चालत असेल, तर त्यापेक्षा टपाल खात्याची यादीच का पाहू नये?

पहिली चूक माझीच आहे. 'पहिला अंक १ ते ९, पुढे पाच अंक' हा साचा मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या 'सर्च' या फंक्शनला दिला होता. 'सर्च' मजकुरात कुठेही जुळणी शोधते, त्यामुळे दादरच्या ४०००२८ च्या शेपटीला आणखी एक अंक चिकटला तरी ते मुकाट्याने होकार देते. तेथे संपूर्ण मजकूर साच्याशी जुळतो का हे पाहणारे 'फुलमॅच' हवे होते. साच्याच्या अखेरीस 'मजकूर येथे संपतो' असे सांगणारे नुसते डॉलरचे चिन्ह लावूनही भागत नाही, कारण पायथॉनमध्ये ते मजकुराच्या शेवटी आलेल्या 'न्यूलाइन'च्या, म्हणजे नवी ओळ सुरू करणाऱ्या अदृश्य चिन्हाच्या, आधीही जुळते. लेख दुरुस्त केला आहे.

यादीबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. ४०००२८ लिहिताना शेवटचे दोन अंक उलटले की ४०००८२ होते, आणि तो मुलुंड कॉलनीचा खराखुरा पिनकोड आहे. म्हणजे यादीही दादरकराला बिनदिक्कत मुलुंडला पाठवील. अस्तित्व यादी सांगते, आकार साचा सांगतो, आणि पत्ता त्याच माणसाचा आहे का, हे दोघांनाही कळत नाही.

मला खरी अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. आमच्या सोसायटीसाठी मी केलेल्या फॉर्ममध्ये एका आजोबांनी मराठी कळफलकावरून '४०० ०२८' असे लिहिले. पत्रांवर आपण वर्षानुवर्षे असेच, मध्ये जागा सोडून लिहीत आलो आहोत. फॉर्म म्हणाला, 'सहा अंक लिहा.' त्यांनी सहाच लिहिले होते! मधली जागा काढून टाकली तरी ब्राउझर अडूनच राहिला, कारण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये साच्यातले 'कोणताही अंक' सांगणारे चिन्ह, 'बॅकस्लॅश डी', म्हणजे फक्त इंग्रजी अंक. सर्व्हरवरच्या पायथॉन ३ मध्ये मात्र साध्या मजकुरासाठी तेच चिन्ह देवनागरी अंकही स्वीकारते. एकच चिन्ह, दोन निकाल.

आता मी आधी मोकळ्या जागा काढतो, देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करतो, आणि दोन्हीकडे 'बॅकस्लॅश डी' टाळून शून्य ते नऊ ही मर्यादा स्पष्ट लिहितो. आपण सुचवलेली यादी त्यानंतर, सर्व्हरवर पाहिली जाते. ९९९९९९ तेथे अडतो.