चहा महागला म्हणून अमेरिका पेटली नाही

माझ्या भाचीने इतिहासाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलेला एक फिरता संदेश वाचला आणि गप्प बसवेना. इंग्रजांनी चहावरचा कर दुप्पट केला, अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीतील बॉस्टनकरांनी आपला आसामचा चहा समुद्रात बुडवला, मग सरकारने घराघरांत सैनिक घुसवले आणि चहा बुडवल्यावर ब्रिटिश संसदेने १७७४ मध्ये केलेले बाकीचे कायदे फक्त दंगेखोरांपुरते होते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

१६ डिसेंबर १७७३ रोजी बुडवलेला चहा चिनी होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पोहोचायला पुढे साठांहून अधिक वर्षे लागली. करही वाढला नव्हता. पौंडामागे तीन पेन्स हा दर १७६७ चाच होता आणि १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला थेट विक्रीची मुभा मिळाल्याने चहा उलट स्वस्त होणार होता. करावरून असंतोष होता, एवढे मान्य करावे लागते. पण ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने कर लादावा, याला तो विरोध होता. सैनिकांच्या निवासाचा कायदाही रिकामी घरे आणि कोठारे यांविषयी होता.

खरा घातक दावा शेवटचा आहे. त्यातल्या पहिल्या, बॉस्टनचे बंदर बंद करणाऱ्या कायद्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो. त्यात एकाही आरोपीचे नाव नाही. कंपनीला भरपाई मिळेपर्यंत १ जून १७७४ पासून अख्खे बंदर बंद झाले आणि चहाच्या पेटीला हातही न लावलेल्या हमालांची, सुतारांची, दोर वळणाऱ्यांची रोजीरोटी गेली. दुसऱ्या कायद्याने बॉस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्समधील गावसभांवर गव्हर्नरच्या परवानगीचे बंधन घातले, प्रांताच्या मंडळावर निवडणुकीऐवजी राजाची नेमणूक आणली आणि ज्युरी निवडण्याचे काम शेरीफ या सरकारी अधिकाऱ्याकडे दिले. बॉस्टनपासून दूर शेती करणाऱ्यांनी कोणता दंगा केला होता? ६ सप्टेंबर १७७४ ला त्याच वसाहतीतल्या वूस्टर गावात साडेचार हजारांहून अधिक लोकांनी न्यायालय उघडूच दिले नाही. दुतर्फा उभ्या असलेल्या त्या गर्दीतून न्यायाधीशांना हातात टोपी धरून चालावे लागले आणि नव्या कायद्यांखाली काम करणार नसल्याचे निवेदन पुन्हा पुन्हा वाचावे लागले. स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात ठरलेली लेक्सिंग्टनची चकमक अजून सात महिने दूर होती. वूस्टरच्या घटनेच्या आदल्याच दिवशी फिलाडेल्फिया शहरात जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले होते आणि १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल आणायचा नाही, असा ठराव त्यांनी ऑक्टोबरमध्ये केला.